उन्हाळ्यातील मिरवणूक आणि घोड्याची काळजी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना घोडा परका नाही. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी कायम केली आणि त्या लष्करावरूनच शहराच्या या भागाला लष्कर हे नाव पडले. पागा, मोतद्दार, तोबरा, खरारा हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात सहज येत. आज पागा राहिल्या नाहीत, पण लग्नाची वरात, मुंजीची भिक्षावळ, गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि 6 जूनचा शिवराज्याभिषेक दिन या निमित्ताने आपण घोडा आणतोच. यातले बरेचसे प्रसंग चैत्र ते ज्येष्ठात येतात, म्हणजे नेमके लू वाहू लागते तेव्हा.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मिरवणुकीत घोडी रस्त्यातच थांबली. पाय थरथरू लागले, नाकपुड्या फुलल्या आणि ती खाली बसते की काय असे वाटले. सावलीत नेऊन अंगावर बादल्या ओतल्यावर ती सावरली. दोष एकट्या घोडेवाल्याला देता आला नसता. सकाळी आठला निघायची मिरवणूक साडेदहाला निघाली, ती आमच्यामुळे. घोडा भाड्याचा असला तरी वेळ, वाट आणि थांबे आपणच ठरवतो. म्हणून ही माहिती घोडा पाळणाऱ्यांइतकीच घोडा मागवणाऱ्यांसाठीही आहे.

घोड्याला उष्णता जास्त का बाधते

घोड्याचे शरीर स्नायूंनी भरलेले असते. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा माणसापेक्षा कमी असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. उन्हात जड काम करताना घोडा तासाला 10 लिटरपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त घाम गाळू शकतो. हा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, त्यामुळे पाण्याबरोबर मीठही निघून जाते. मानेवर आणि मांड्यांत दिसणारा फेस हा घामातल्या एका प्रथिनामुळे येतो. तो स्वतः आजार नव्हे.

आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडे दिसते आणि पाणी किती गेले ते कळत नाही. जूनअखेर हवा दमट झाली की उलट होते: अंग निथळते, पण घाम न वाळल्याने गारवा मिळत नाही. दोन्ही वेळा नुसत्या नजरेवर विसंबू नये.

निरोगी घोड्याची मोजमापे

विश्रांती घेत असलेल्या मोठ्या घोड्याची ही मापे लिहून ठेवावीत:

- तापमान: 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस. ते गुदद्वारातून घेतात. हे काम घोडेवाल्यानेच बाजूला उभे राहून करावे.
- नाडी: मिनिटाला साधारण 28 ते 44. जबड्याच्या खालच्या कडेवर बोटांना लागते.
- श्वास: मिनिटाला साधारण 8 ते 16. कुशीची हालचाल मोजावी.
- हिरडी: अंगठा दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावा.

रोजची काळजी

पाणी. थंडीत 25 ते 30 लिटरवर भागणारा घोडा उन्हाळ्यात काम असेल तर त्याच्या दुपटीहून अधिक पितो. पाणी दिवसरात्र समोर असावे, हौद रोज घासावा आणि तो सावलीत असावा. तापलेले किंवा शेवाळलेले पाणी घोडा टाळतो. पाणी कमी पडले की आतड्यातला चारा सुकून पोटशूळ उठतो. उन्हाळ्यात त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मीठ. साधे मीठ रोज दोन मोठे चमचे आंबोणात मिसळावे किंवा मिठाचा खडा चाटायला ठेवावा. मीठ दिले की पाणी भरपूर हवेच.

चारा. मुख्य खाणे पहाटे आणि रात्री द्यावे. हरभरा व जव यांचा खुराक काम कमी असेल तेव्हा कमी करावा. हिरवा चारा, भिजवलेला कोंडा यातूनही पाणी जाते. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारीची चरी मात्र देऊ नये, तिच्यात विष तयार होते.

निवारा. पत्र्याची बंद शेड उन्हात भट्टीसारखी तापते. त्यापेक्षा दोन बाजूंनी वारा खेळणारी जागा किंवा कडुनिंबाची दाट सावली बरी. पत्र्यावर गवत पसरावे. पंखा लावला तर त्याची वायर घोड्याच्या तोंडापासून लांब ठेवावी. रोज खरारा करून वाळलेला घाम काढावा, नाहीतर खोगिराखाली जखमा होतात. पांढऱ्या नाकाची गुलाबी कातडी उन्हाने भाजते, अशा घोड्याला दुपारी बाहेर बांधू नये.

मिरवणूक ठरवताना

गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत. पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 या वेळेत त्यांना कामाला लावता येत नाही. सलग पाच तासांपेक्षा आणि दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. बग्गीच्या घोड्यांना हे सरळ लागू होते. वरातीच्या घोडीलाही निदान एवढे माप लावावे असे आम्हाला वाटते. शिवाय आपल्याकडे पारा चार वाजताही उतरलेला नसतो. म्हणून:

- मिरवणूक सकाळी नऊच्या आत संपवावी किंवा सूर्यास्तानंतर काढावी.
- घोडा ऐन निघायच्या वेळी बोलवावा. तासभर आधी येऊन मांडवाबाहेर उन्हात उभा राहण्यात तो निम्मा थकतो.
- जाड मखमली झूल आणि जड साज टाळावा. झूल घामाला वाळू देत नाही.
- दर अर्ध्या तासाला थांबा, सावली आणि बादलीभर पाणी ठेवावे. पाण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याच्या नावावर लिहावी.
- डांबरी रस्ता संध्याकाळीही तापलेला असतो, म्हणून थांबा मातीच्या जागी घ्यावा.
- त्या दिवशी घोड्याचे आधी कुठे काम झाले आहे का, हे ठरवतानाच विचारावे.
- पाठीवर एकच स्वार असावा. फोटोसाठी मुलांना आळीपाळीने बसवू नये.

ऊन लागल्याची लक्षणे आणि पहिला उपाय

थांबल्यावर दहा मिनिटांनीही श्वास मिनिटाला 40 च्या वर राहणे, अडखळणे, मान खाली टाकणे, हिरड्या गडद होणे आणि घाम थांबून कातडी तापलेली-कोरडी लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. कामानंतर थांबूनही तापमान 40 च्या वर राहिले तर पशुवैद्याला बोलवावे. 41 च्या वर जिवाला धोका असतो.

वैद्य येईपर्यंत काम थांबवावे, सावलीत न्यावे, खोगीर-झूल उतरवावी आणि मिळेल तितके गार पाणी मान, पाठ, कुशी, मांड्या अशा सर्व अंगावर सतत ओतावे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकले तर तो आखडतो, असा जुना समज आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या निमित्ताने या विषयावर बराच अभ्यास झाला, आणि गार पाणी सुरक्षितच नव्हे तर सर्वांत परिणामकारक असल्याचे दिसले. ओले पोते पाठीवर टाकून ठेवू नये, ते गरम होऊन उष्णता कोंडते. तापमान 39 अंशांपर्यंत उतरले की ओतणे थांबवावे.

घाम सुकेपर्यंत पाणी पाजायचे नाही, हाही समज सोडावा. शुद्धीवर असलेल्या घोड्याला लगेच पिऊ द्यावे. मात्र बाटलीने किंवा नळीने तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. खाली बसलेल्या घोड्याला मारून उठवू नये.

यंदा ज्या सभासदांच्या घरी वैशाख-ज्येष्ठातली कार्ये आहेत त्यांनी घोडेवाल्याशी बोलताना भाड्याबरोबर वेळ, थांबे आणि पाणी या तीन गोष्टीही ठरवून घ्याव्यात. जवळच्या पशुवैद्याचा फोन नंबर मात्र आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा.