तळटीप : ‘सिन्स’ आणि वर्तमानकाळ

मूळ पत्रातले ‘आय लिव्ह इन नंदनवन सिन्स २०१०’ हे वाक्य येथे ‘आय हॅव लिव्ड’ असे सुधारले आहे (‘हॅव बीन लिव्हिंग’ही चालले असते). ‘२०१० पासून नंदनवनात राहतो’ म्हणताना मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजी मात्र मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या अवधीसाठी पूर्ण वर्तमानकाळ मागते. अर्थ कळतोच, मग दुरुस्ती कशाला, हा आक्षेप ‘सिन्स’पुरता मान्य. पण ‘फॉर’ आले की घोटाळा खराच होतो. ‘आय ॲम इन नागपूर फॉर टू इयर्स’ म्हणजे मुक्काम एकूण दोन वर्षांचा. ‘हॅव बीन’ घातले, तर येऊन दोन वर्षे झाली. बदलीच्या अर्जात हा फरक निर्णायक ठरू शकतो.