उतरणीची विद्या

सेनापति दाभाड्यांचें गांव म्हणून तळेगांवाची ओळख जुनी आहे. १९०८ सालीं पैसा फंडाच्या कांच कारखान्यानें त्या ओळखींत उद्योगाची भर घातली. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, २००८ मध्यें, जनरल मोटर्सचा मोटार कारखाना येथें सुरू झाला; २०२० च्या अखेरीस त्याचें उत्पादन थांबलें आणि नंतर तो ह्युंदाईनें घेतला. मोटारी घडविण्याचें काम या गांवीं नवें असलें, तरी वाहनाचा एक प्रश्न मात्र येथें त्याहून फार जुना आहे. तळेगांवाहून मुंबईस जावयाचें, तर वडगांव, कामशेत आणि लोणावळें मागें टाकून बोर घाट उतरावा लागतो. आणि जड वाहनाला घाट चढण्यापेक्षां उतरणें अधिक धोक्याचें, हें बैलगाडीच्या काळापासून सर्वांस ठाऊक आहे.

बोर घाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. १८६३ मध्यें त्याच डोंगरांतून रेल्वे धांवूं लागली. पंचवीस बोगदे खोदून आणि १,८३१ फुटांचा चढ चढून लोहमार्ग माथ्यावर पोंचला, तेव्हां स्थापत्यशास्त्राचा तो मोठा विजय मानला गेला. परंतु चढ जिंकला म्हणजे उतार जिंकला असें होत नाहीं. त्या काळीं ब्रेक म्हणजे हातानें फिरवावयाचें चाक. इंजिनाची शिटी होतांच ठिकठिकाणच्या डब्यांतील माणसांनीं तें आंवळावयाचें, एवढीच व्यवस्था होती. १८६९ सालीं घाट उतरणारी एक गाडी आवरली गेली नाहीं आणि भीषण अपघात झाला.

त्याच वर्षीं अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांना हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट मिळालें. प्रथमच्या योजनेंत ब्रेक लावण्यासाठीं नळींत हवा भरावी लागे; म्हणजे नळी तुटली कीं ब्रेकही गेला. १८७२ च्या सुमारास त्यांनीं ही रचना उलटी केली. नळींत दाब असेपर्यंत चाकें मोकळीं, आणि दाब गेला कीं प्रत्येक डब्याखालच्या झडपेनें ब्रेक आपोआप लागावयाचा! डबा सुटला वा नळी फुटली, तर गाडी स्वतःच थांबूं लागावी, ही त्यांतील खरी युक्ति होय. भारतीय रेल्वेवर दीर्घकाळ वापरला गेलेला निर्वात ब्रेकही याच तत्त्वाचा होता.

मोटारीनें मात्र निराळी वाट धरली. दाबलेल्या द्रवाचा दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम घेऊन माल्कम लॉकहीड यांनीं तेलाचा ब्रेक सिद्ध केला, आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडींत तो चारही चाकांना लाभला. पायाचा दाब बारीक नळीवाटे चाकापर्यंत जातो आणि सर्व चाकांस एकाच क्षणीं मिळतो, हा त्याचा गुण. दोष असा, कीं रेल्वेची सुरक्षितता येथें नाहीं. नळी फुटली कीं द्रव वाहून जातो, पायखालची पट्टी थेट तळाला टेकते आणि ब्रेक उरत नाहीं. यावर पुढें उपाय निघाला तो दुहेरी मास्टर सिलिंडरचा. दोन स्वतंत्र मंडलें केलीं, म्हणजे एक निकामी झालें तरी दुसरें गाडी थांबवितें.

दुसरी अडचण उष्णतेची. एक हजार किलोची गाडी पांचशें मीटर खालीं उतरते, तेव्हां सुमारें पंधरा लिटर गार पाणी उकळीस आणण्याइतकी ऊर्जा कोठें तरी जिरवावी लागते. कांहीं भाग इंजिन व वारा घेतात. उरलेला ब्रेक घेतो. बंदिस्त ड्रम तापून फुगला, कीं आंतील पट्ट्यांची पकड ढिली पडते. उघड्या तबकडीला वारा लागतो, म्हणून ती लवकर निवते. तबकडी-ब्रेकचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालींच घेतलें होतें; परंतु १९५३ च्या ल मान शर्यतींत जॅग्वार विजयी झाली, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे वेधलें.

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांतील फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी मात्र ड्रमवरच धांवत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनें २०२३ मध्यें निरोप घेतला, तरी हौशी कुटुंबांनीं जपलेल्या गाड्या अद्याप घाट उतरतात. अशा गाडीच्या पुढच्या चाकांना तबकड्या बसवावयाच्या, तर जुन्या झडपा तशाच ठेवून चालत नाहीं. ड्रमच्या नळींत दर चौरस इंचास सुमारें १० पौंड दाब राखणारी झडप असते. तोच दाब तबकडीवर राहिला, तर पट्ट्या सतत घांसत राहतात व द्रव तापतो. म्हणून पुढच्या मंडलांतून ती काढावी लागते. मास्टर सिलिंडर फरशीखालीं, चाकांच्या पातळीहून खालीं असेल, तर द्रव मागें उतरूं नये म्हणून सुमारें २ पौंडांची झडप योजतात. ब्रेक लावतांना भार पुढें झुकून मागचीं चाकें हलकीं होतात. तीं आधीं अडकलीं तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागचा दाब एका मर्यादेनंतर कमी वाढूं देणारी प्रमाण-झडप लागते. ड्रमच्या पट्ट्या फिरत्या चाकाच्या ओढीनें आपोआप घट्ट बसतात. तबकडीला ही मदत नाहीं, यास्तव पायाचें बळ वाढविणारें निर्वात साधनही बहुधा जोडावें लागतें.

नळीची निवड तितकीच महत्त्वाची. दुहेरी पत्र्याची पोलादी किंवा तांबें-निकेल मिश्रधातूची नळी विश्वासू ठरते. शुद्ध तांब्याची नळी सहज वाकते, म्हणून मोह पडतो. पण कंपनानें ती कडक होऊन तडकते. टोकें दुहेरी दुमडूनच सांधावींत, आणि नळी धुराड्याच्या नळकांड्यापासून दूर न्यावी. जुनी रबरी नळी बाहेरून धड दिसली तरी आंतून सुजते, व दाब अडवून धरते. डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदु कोरडा असतांना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावर किमान १५५ एवढाच. पावसाळी हवेंत जुना द्रव टाकून देण्यांतच शहाणपण आहे. फेरफार करण्यापूर्वीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ पाहणेंही अगत्याचें आहे.

बोर घाटाच्या लोहमार्गावर आजही आडमार्ग राखलेले आहेत. उतरती गाडी ठरल्या जागीं थांबली, तरच पुढचा मार्ग खुला होतो; न थांबल्यास ती चढाच्या फांट्यावर वळून आवरते. रेल्वेनें ब्रेकवर विश्वास ठेवला तो असा, दर वेळीं त्याची परीक्षा घेऊन. मोटारीच्या मालकाला घाटांत असा फांटा मिळेलच, असें नाहीं. नवी नळी, नवी झडप जोडल्यावर त्यानें ती परीक्षा तळेगांवच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मंद गतीनें आधींच घ्यावी. खंडाळ्याच्या पहिल्या वळणावर ती घेण्यास वेळ उरत नाहीं.