स्वाराच्या बुटाची आजोळं

हेल्मेटला डॉक्टर भेटला, बुटाला नाही. 1935 साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटरसायकलवरून फेकला गेला आणि डोक्याच्या दुखापतीने दगावला. त्याच्या उपचारांत असलेल्या ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्यांच्या दुखापतींचा अभ्यास केला, 1941 मध्ये तो छापून आला, आणि हेल्मेटची बाजू आकडेवारीसह उभी राहिली. पायांसाठी असं कुणी मांडी घालून बसलं नाही. स्वाराचा बूट घडवला तो वेगळ्याच धंद्यांसाठी बूट शिवणाऱ्या कारागिरांनी. त्यामुळे त्याला एक आजोळ नाही, तीन-चार आहेत, आणि प्रत्येकाकडून एकेक गुण आला तशी एकेक खोडही आली. ‘सुरक्षित घेऊ की आरामाचा घेऊ’ हे दुकानातलं भांडण मुळात या खोडींचं आहे.

पहिलं आजोळ घोडदळाचं. घोडेस्वाराच्या बुटाला उंच टाच असते, कारण पाय रिकिबीतून आरपार गेला तर पडलेला स्वार फरफटत जातो. पोटरीपर्यंतचं चामडं असतं ते खोगिराच्या वाद्यांनी कातडी सोलू नये म्हणून. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोपे ट्रायम्फच्या मॉडेल एचवर बसून चिखलातून निरोप पोचवत, तेव्हा त्यांच्या पायांत हीच घोडदळी परंपरा होती: लेसचे बूट आणि वर नडगीला आवळलेले चामड्याचे गेटर्स. टाच मोटरसायकलवरही कामाला आली, फूटरेस्टवर पाय अडवायला. लेस मात्र घातकी. तिचा सुटलेला फास फूटरेस्टच्या टोकात किंवा गिअरच्या दांड्यात अडकतो आणि ते कळतं गाडी थांबल्यावर, पाय खाली टेकवायला जावं तेव्हा. पाय येत नाही, गाडी कलते, आणि माणूस उभ्या-उभ्या आडवा होतो. आजही लेसचे बूट घालणारे जाणते स्वार गाठीचा फास लेसखाली किंवा जिभेत खोचूनच निघतात.

लेसला उत्तर मिळालं रेल्वेच्या आणि जहाजगोदीच्या कामगारांकडून. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या चिपेवा आणि ऑरेगॉनच्या वेस्को या कंपन्यांनी ‘इंजिनिअर बूट’ नावाचा प्रकार काढला. चिपेवाने त्याचा साचा इंग्लिश घोडेस्वारी बुटावरूनच घेतला, म्हणजे हे आजोळ पहिल्याच्याच नात्यातलं. नळकांड्यासारखा सरळ उभा पाय, लेस नाही, पावलावर एक बक्कल आणि वर एक. इंजिनाच्या भट्टीसमोर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांत काम करणाऱ्याला आत निखारा पडला तर तो झटक्यात उपसून काढता यायचा. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, स्वस्तातल्या लष्करी मोटरसायकली घेतल्या, आणि हा बूट त्यांच्या पायांत गेला. तापलेल्या सायलेन्सरपाशी तो निखाऱ्याइतकाच उपयोगी. 1953 च्या ‘द वाइल्ड वन’ सिनेमात मार्लन ब्रँडोने तो घातला आणि मग तो कामापेक्षा ऐटीसाठी जास्त खपायला लागला. पाय वाचवायला तो खरोखर किती चांगला, हा प्रश्न त्या ऐटीत मागे पडला. घोट्याभोवती तो ढगळ असतो. गाडी पायावर पडून पाऊल मुरगळलं, तर सैल चामडं त्याला कुठवर धरणार? जाड तळव्यामुळे गिअर पडला की नाही तेही चवड्याला नीट समजत नाही. दिसायला दणकट आणि कामाला दणकट यांत फरक असतो, आणि स्वाराच्या पोशाखात हा फरक जितका महाग पडतो तितका क्वचित कुठे पडत असेल.

घोट्याचा प्रश्न सोडवला इटलीच्या डोंगरवाल्यांनी. व्हेनिसच्या उत्तरेला, त्रेव्हीझो प्रांतात, मोन्तेबेल्लूना आणि आसोलो या गावांच्या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात चालणाऱ्यांचे आणि पुढे स्कीवाल्यांचे बूट बनत आले. स्कीचा बूट घोट्याला एकाच दिशेने, पुढे-मागे हलू देतो, बाजूला वळू देत नाही. 1963 मध्ये आसोलोत सान्ते माझ्झारोलोने आल्पाइनस्टार्स सुरू केली ती याच कामासाठी. त्याच सुमारास युरोपात मोटोक्रॉसचं वेड पसरत होतं. चिखलात पाय टेकवून गाडी वळवणाऱ्या स्वारांची पावलं मुरगळत होती, नडग्या दगडांनी फुटत होत्या. माझ्झारोलोने त्यांच्यासाठी बूट बनवायला घेतला आणि पाच वेळा 500 सीसीचा जगज्जेता झालेला बेल्जियन रॉजर दे कोस्टर तो घालून धावला. जवळच्याच मासेर भागात सिदी आणि गायेर्ने या कंपन्या उभ्या राहिल्या. आज मोटोक्रॉसच्या बुटाला जी प्लास्टिकची बिजागरी आणि खटक्याची बक्कलं दिसतात, ती स्कीच्या घरातली.

आणि खोड? असा बूट घालून जिना उतरून पाहावा. जो घोटा आडवा मुरगळत नाही, तो मोकळा चालूही देत नाही. संरक्षणाची आणि आरामाची खरी ओढाताण या एका सांध्यावर होते. बाकी वजन, दिसणं, किंमत हे तपशील.

बुटाचं संरक्षण मोजायची पद्धत युरोपने बसवली. ईएन 13634 या मानकाच्या बुटाच्या आत एक बारीक खूण शिवलेली असते: मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि खाली चार आकडे, प्रत्येक एक किंवा दोन. पहिला उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासून टिकण्याचा, तिसरा धारदार गोष्टीने न कापण्याचा, चौथा तळवा आडवा न चेपण्याचा. लोक चौथ्याकडे बघतच नाहीत. गाडी पावलावर आडवी पडली की हाच आकडा कामाला येतो. खूण नसली तर दोन्ही तळहातांत तळव्याच्या दोन्ही कडा धरून चेपून बघायचं. पोळीसारखा दुमडला तर ठेवून द्यावा. घोट्यावरच्या कवचासाठी ‘आयपीए’ अशी वेगळी अक्षरं असतात, ती असतीलच असं नाही.

आता शहरात ऑफिसला जाणाऱ्याने हे चिलखत घालावं का? ऑस्ट्रेलियात कॅनबेराभोवतीच्या 212 अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलसाठी न बनवलेले साधे बूट घातलेल्यांनाही, शूज किंवा जॉगर्स घातलेल्यांच्या तुलनेत, पायाला इजा होण्याचा धोका निम्म्याहून कमी दिसला. म्हणजे सगळ्यात मोठी उडी जॉगर्सवरून बुटावर येण्यात आहे. अलीकडचे स्नीकरसारखे दिसणारे, आत घोट्याची कवचं लपवलेले बूट याच उडीसाठी आहेत. मला विचाराल तर कपाटात ठेवलेल्या, चारही आकडे दोन असलेल्या बुटापेक्षा रोज पायात जाणारा मधला बरा. आपल्याकडे मात्र भरवसा गाडीच्या लेगगार्डच्या दांड्यांवर. लॉस एंजेलिसच्या अपघातांवरच्या 1981 च्या हर्ट अहवालात आढळलं होतं की त्या दांड्यांमुळे पावलाच्या जखमा जेवढ्या घटतात, तेवढ्याच मांडी-गुडघ्याच्या वाढतात.

आपल्या पावसाची गोष्ट निराळी. वॉटरप्रूफ अस्तराचं मूळ 1969 मध्ये बॉब गोरने टेफ्लॉनची तापलेली कांडी हिसडा देऊन ताणली, त्यात आहे. कोकणाच्या दमट हवेत ते अस्तर पायाचा घाम फारसा बाहेर टाकत नाही, कारण बाहेरही तेवढंच बाष्प. शिवाय पाणी शिरतं ते चामड्यातून कमी आणि भिजलेल्या जीन्सवरून ओघळून वरून जास्त. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचायची नाही.

आणखी एक आपल्याकडचं लफडं म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे पट्टी असलेला गिअरचा दांडा. त्यावर चपलेतल्या माणसालाही चवडा खाली घालून उचलावा लागत नाही. टाचेने मागून दाबलं की झालं. जाड बूट घातल्यावर नेमका तोच आड येतो: चवडा पुढच्या पट्टीखाली मावत नाही आणि टाच मागच्या पट्टीवर नकळत पडते. त्यामुळे नवे बूट घेतले की पहिला फेरा गॅरेजचा. दांड्याचा बोल्ट सैल करून दांडा दातेरी दांडीवर एक दाता वर चढवायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा, आणि गाडी स्टँडवर लावून बूट घालूनच न्यूट्रल सापडतो का ते बघायचं.