गांजाची काढणी, नौगावची

बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील (आता बांगलादेश) नौगाव परिसरात पूर्वी सरकारी परवान्याने होणाऱ्या गांजाच्या पिकाची काढणीपूर्व तयारी व काढणी. या पिकाचे सारे मोल मादी झाडांच्या राळयुक्त तुऱ्यांत असते. परागण झाले की तुऱ्यांत बी धरते व राळ घटते. म्हणून नोव्हेंबरच्या सुमारास ‘पोद्दार’ हा जाणकार शेतात फिरून नर झाडे ओळखून उपटून टाकी. फुलोरा उमलण्याआधी नर-मादीचा भेद नजरेने टिपणे हे खरे कसब होते, आणि त्याचे श्रेय पोद्दारांना द्यायलाच हवे. एखादे नर झाड राहिले तरी आसपासच्या पिकाची प्रत उतरे. खालच्या फांद्याही छाटत.

तुरे पिवळसर-तपकिरी झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी होई. झाडे उन्हात सुकवून पायांनी तुडवली की ‘चपटा’, पायाखाली वळली की ‘गोल’ गांजा तयार होई. गळालेला चुरा वेगळा विकला जाई. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांच्या 1893 च्या अहवालात या पिकाचा अभ्यास आढळतो. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होते. भारतात आता 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना लागवड गुन्हा आहे.