जुने पोकलेन घ्यावे, पण पारखून

शेतजमिनीचे सपाटीकरण, शेततळी, नाला खोलीकरण आणि रस्त्यांची कामे यांमुळे ग्रामीण महाराष्ट्रात खोदाई यंत्रांना मागणी असते. डिसेंबर २०१४मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातील बरीच कामे याच यंत्रांनी झाली. पोक्लेन या फ्रेंच कंपनीचे नाव तर मराठीत या यंत्राचेच नाव होऊन बसले. नवे यंत्र लाखो रुपयांचे असल्याने, ठेकेदाराच्या आवारात पडून असलेले जुने यंत्र घेऊन ते दुरुस्त करण्याचा विचार अनेक जण करतात. मात्र विक्रेत्याने सांगितलेला आकडा ही त्याची खरी किंमत नव्हे. खरेदी, दुरुस्ती आणि यंत्र बंद राहील तेवढ्या दिवसांचे बुडालेले भाडे व कर्जाचे हप्ते यांची बेरीज हीच खरी किंमत होय.

आधी चेन पाहावी

लोखंडी चेनवर चालणाऱ्या यंत्राच्या देखभालीचा जवळपास निम्मा खर्च चेन, रोलर, आयडलर व स्प्रॉकेट या खालच्या भागावर होऊ शकतो. त्यामुळे पाहणीची सुरुवात तेथूनच करावी. स्प्रॉकेटचे दाते अणकुचीदार झाले असतील, तर चेनचे बुशही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. झीज एकाच बाजूला असल्यास पिन-बुश प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून बसवता येतात. बुशला तडे गेले असतील, तर मात्र नव्या चेनचा खर्च हिशेबात धरावा.

बूमवरील वेल्डिंगच्या खुणा आणि बकेटच्या पिनांमधील ढिलाई यांवरून यंत्र किती राबले आहे, हे कळते. अवर मीटर बदलता येतो आणि ताजा रंग तडे झाकतो. केवळ त्यांवर विसंबू नये.

इंजिन थंड असतानाच

पाहणीस सकाळी जावे व इंजिन आधीच गरम नाही ना, याची खात्री करावी. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सुचवतो, तर ब्रीदरमधून जोराने येणारी वाफ रिंग व लायनर झिजल्याचे. हायड्रॉलिक पंपाची परीक्षा ऑइल तापल्यावर होते. सकाळी चपळ वाटणारे यंत्र तासाभराने मंदावले, तर पंप अथवा व्हॉल्व्हच्या खर्चाची तयारी ठेवावी.

कागदपत्रे

रबरी चाकांच्या यंत्राची आरटीओकडे नोंदणी असते. हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० आणि कर्जाचा बोजा उतरविण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. चेनच्या यंत्राची अशी नोंदणी साधारणतः नसते. तेथे मूळ बिल, वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला आणि यंत्रावर कोरलेले चेसिस व इंजिन क्रमांक जुळवून पाहावेत. बोजा शिल्लक असल्यास पैसे देऊनही यंत्र जप्त होऊ शकते.

सेल्फ मारण्याची घाई नको

पडून असलेल्या यंत्राला बॅटरी जोडून थेट सेल्फ मारल्यास गंजलेले लायनर व अडकलेल्या रिंग तुटू शकतात. आधी इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि दुसऱ्या दिवशी क्रँक पान्याने हळूहळू फिरवून पाहावा. डिझेल टाकीतील पाणी व गाळ काढून टाकी धुवावी. ऑइल, कूलंट आणि फिल्टर बदलावेत. उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे का आणि एअर फिल्टरमध्ये घरटे आहे का, हेही पाहावे.

जुन्या यांत्रिक डिझेल पंपाची रॅक गंजाने अडकल्यास इंजिन बेलगाम वेग घेते व चावीने बंद होत नाही. अशा वेळी हवेचा मार्ग बंद करण्यासाठी जाड सपाट फळी हाताशी ठेवावी. हात कधीही लावू नये. पहिल्या ५० तासांनंतर ऑइल पुन्हा बदलून फिल्टर कापून पाहावा. त्यात धातूचे कण आढळल्यास काम थांबवावे.

गळती हाताने शोधू नये

दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवून हायड्रॉलिकमधील दाब सोडावा. होज पाइपची गळती पुठ्ठा धरून शोधावी. सुईएवढ्या छिद्रातून येणारे ऑइल कातडीतून आत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

सुटे भाग बाजारात मिळतात का, याची चौकशी विसार देण्यापूर्वी करावी. ते मिळत नसतील, तर यंत्राचा भाव भंगाराच्या वजनावरच ठरवावा.