संक्रमण संगीत (मुलाखत-चित्रफीत)

संक्रमण संगीत म्हणजे मुलाखतीच्या चित्रफितीत एक विषय संपून दुसरा सुरू होताना वाजणारा संगीताचा छोटा तुकडा. तो बहुधा तीन ते दहा सेकंदांचा असतो. संकलक त्याला ‘ट्रान्झिशन म्युझिक’ किंवा ‘बंपर’ असेही म्हणतात. पार्श्वसंगीत बोलण्याखाली चालू राहते, तर संक्रमण संगीत मुख्यतः दोन बोलण्यांमधल्या मोकळ्या जागेत येते.

मुलाखतीचे भाग संगीताने पाडण्याची पद्धत चित्रफितीपेक्षा जुनी असून ती नभोवाणीवर रुळली होती. बीबीसीच्या १९४२ साली सुरू झालेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात पाहुण्याने निवडलेल्या आठ ध्वनिमुद्रिकाच संभाषणाचे टप्पे ठरवतात.

== वापर ==

संगीत उत्तराच्या शेवटच्या शब्दाखाली हळूच सुरू होते, पडद्यावर पुढील प्रश्नाची पाटी असेपर्यंत पूर्ण आवाजात राहते आणि पुढचे बोलणे सुरू होताच विरते. शब्दांवर चढणारा भाग संवादापेक्षा साधारण १५ ते २० डेसिबल खाली ठेवतात. गायन असलेला तुकडा टाळला जातो, कारण दोन्हीकडचे शब्द एकमेकांत मिसळतात. तुकडा तालाच्या मध्येच तोडल्यास खटकतो; म्हणून तो समेवर किंवा स्वरवाक्याच्या शेवटी संपवतात.

चित्रीकरणाच्या जागी रेडिओ किंवा गाणे चालू असेल तर ते आधी बंद करावे लागते. बोलण्यातील एक वाक्य कापले की मागचे गाणेही तुटते आणि काप लगेच ऐकू येतो. वर घातलेले संगीत तो दोष क्वचितच झाकते. त्याऐवजी रिकाम्या खोलीतील शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर ती कापांखाली भरता येते. एकाच उत्तरातील कापासाठी बहुतेकदा हीच शांतता पुरते. तेथे संगीत घातल्यास विषय बदलल्याचा चुकीचा भास होतो.

== साक्ष आणि संगीत ==

संगीत नुकत्याच ऐकलेल्या वाक्याचा अर्थ रंगवते. साध्या उत्तरानंतर गंभीर सूर आला की तेच उत्तर कबुलीसारखे वाटू शकते. बोलणाऱ्याने मात्र ते संगीत ऐकलेले नसते. एरल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) या माहितीपटात परस्परविरोधी साक्षींसोबत फिलिप ग्लास यांचे आवर्ती संगीत आहे. या माहितीपटामुळे एका पोलिसाच्या खुनाचा खटला पुन्हा चर्चेत आला आणि दोषी ठरलेले रँडल अ‍ॅडम्स १९८९ मध्ये सुटले. याउलट क्लोद लांझमान यांच्या नऊ तासांहून मोठ्या ‘शोआ’ (१९८५) मध्ये वरून घातलेले संगीत नाही. गाणे येते ते मुलाखत देणाऱ्यांच्याच तोंडून. तेथे संक्रमणाचे काम स्थळांची दृश्ये आणि शांतता करतात.

== प्रताधिकार ==

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार संगीतरचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांवरील हक्क वेगळे असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, तर रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रिकेची मुदत संपली तरी तिच्यातील चाल मुक्त झालेली असेलच असे नाही. राग कोणाच्या मालकीचा नसला तरी त्याच्या विशिष्ट सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण संरक्षित असू शकते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील बहुतेक संगीतासाठी श्रेयनिर्देश आवश्यक असतो, आणि काही परवाने व्यावसायिक वापराला मनाई करतात.