वखारीच्या दाराआडचा इतिहास



सीमाभागाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर 1956 साल उभे राहते. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी महाराष्ट्रात जावी अशी शिफारस केली, 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे सारे आपणांस पाठ आहे. दर 17 जानेवारीला आपण हुतात्म्यांची नावे घेतो आणि त्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचे नाव असते. ते घेतलेच पाहिजे. मात्र त्याच निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूच्या वखारींत राबलेल्या हजारो स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही. हे असे का झाले, याचा शोध घेणे हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

त्यांच्याविषयी कोणास ठाऊकच नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. 1845 साली एंगेल्सने मँचेस्टरविषयी लिहिताना दाखवून दिले होते, की त्या शहराची रचनाच अशी आहे की दुकानांच्या रांगांनी शोभणाऱ्या हमरस्त्याने जाणाऱ्या सुखवस्तू माणसाला मागची मजूरवस्ती दिसत नाही. निपाणीला ती सोय नव्हती. तंबाखूचा उग्र दर्प भिंतींनी अडत नाही. सकाळी वखारीकडे जाणाऱ्या आणि दिवस मावळता तोंडाला पदर लावून, खोकत परतणाऱ्या बायका भर रस्त्यातून जात. आपण त्यांना पाहिले. आपल्या हिशेबात मात्र धरले नाही.

हिशेबाचीच गोष्ट घ्या. इंग्रज सरकारने 1943 साली तंबाखूवर अबकारी कर बसविला आणि तेव्हापासून या पिकामागे दप्तर लागले. वखारीला परवाना, साठ्याची नोंदवही, माल हलवायचा तर परवानगीचा कागद! कच्च्या तंबाखूवरील हा कर 1979 च्या अर्थसंकल्पात उठला. म्हणजे सुमारे 36 वर्षे सरकारला या मालाचे वजन ठाऊक असे. तो माल ज्या हातांनी निवडला, कुटला, चाळला, त्या हातांविषयी असे काटेकोर दप्तर मला तरी कुठे आढळलेले नाही. इतिहासकार कागदावर जगतो. ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास नाही, असे मानण्याची खोड आम्हा मंडळींना फार जुनी आहे.

कायदे नव्हते असेही नाही. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा 1966 चा, विडी कामगार कल्याण निधीचा 1976 चा. पण वखारीतल्या बाईपर्यंत कायदा आपण होऊन चालत आला नाही. त्यासाठी तिला संघटना बांधावी लागली. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. मजुरी, कामाचे तास, धूळ आणि वरच्या माणसांची वागणूक हे त्या लढ्याचे विषय होते. शेवटच्या विषयावर उघड बोलायला त्या काळी किती धैर्य लागले असेल, याची कल्पना सभागृहातील भगिनींना अधिक येईल.

याच सुमारास शेतकरीही उठला. विडीचा तंबाखू पिकवणाऱ्याला भावाची हमी नव्हती. 1975 चा तंबाखू मंडळाचा कायदाही मुख्यतः व्हर्जिनिया जातीपुरता होता. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 14 मार्च 1981 रोजी पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले आणि रस्त्यावर आंदोलननगर उभे राहिले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. दहाहून अधिक शेतकऱ्यांचे प्राण गेले. देशाने निपाणीचे नाव तेव्हा ऐकले. महामार्ग अडला म्हणून ऐकले, हेही नमूद केले पाहिजे. वखारीतल्या बायकांच्या संपाने कोणाचा मालमोटारींचा तांडा थांबत नव्हता.

मग गावाने त्यांच्याकडे पाठ का फिरवली? मला जे कारण दिसते ते काहींना रुचणार नाही. भाषेच्या प्रश्नावर सारे मराठी गाव एका सतरंजीवर बसू शकत होते. मजुरीचा प्रश्न निघाला की त्याच सतरंजीवर मालक कोण आणि मजूर कोण, हे दिसू लागे. शिवाय दुकानदार, हमाल, वाहतूकदार, सावकार, इतकेच काय शिक्षणसंस्थाही, तंबाखूच्या पैशावर उभ्या होत्या. ज्या दाण्यावर सगळ्यांचे पोट, त्यातला खडा कोण दाखवणार? सीमालढ्याचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु एका अन्यायाविरुद्ध जागा असलेला समाज दुसऱ्या अन्यायाशेजारी किती गाढ झोपू शकतो, याचे हे उदाहरण आपल्याच अंगणातले आहे.

पाहणारे आले ते बहुधा बाहेरून. पुण्याहून अनिल अवचट आले आणि त्यांनी निपाणीतल्या या बायकांविषयी लिहिले. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने या स्त्रियांबरोबर काही महिने राहून 1982 साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. रचून ठेवलेला तंबाखू आतल्या आत तापतो, हे वखारीत काम केलेल्यालाच ठाऊक. नाव तिथूनच आलेले आहे. आपल्या भागातल्या मजूर बायका त्यात आपल्या तोंडाने आपले म्हणणे मांडतात. स्त्रीचळवळीच्या अभ्यासकांत तो आज जगभर दाखविला जातो.

या शाळेच्या व्यवस्थापनास माझी एक विनंती आहे. माझ्या पिढीच्या प्रवेश अर्जांत पालकाचा व्यवसाय असा रकाना असे. त्यात वडिलांचे काम लिहिले जाई. आईविषयी कोणी विचारत नसे. ज्यांच्या आया आणि आज्या वखारीत जात, असे माजी विद्यार्थी आज या सभागृहात निश्चितच आहेत. त्यांनी त्यांची नावे, वखारीतले काम, मिळणारी मजुरी, कामाची वर्षे, जे आठवेल ते कार्यालयात लिहून द्यावे आणि शाळेने त्याची एक वही करावी. ज्यांच्या आज्या हयात आहेत, त्यांनी हे काम पुढच्या स्मृतिदिनावर ढकलू नये.